सगळ्यांनी एकदम पोचायचं

एक काळ होता, नवा संगणक घेतलेल्या माणसाला शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारायचे, "किती मेगाहर्ट्झ?" विचारणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असं नव्हतं, सांगणाऱ्याला तर बहुधा नसायचाच. पण आकडा मोठा निघाला की दोघांचंही समाधान व्हायचं. पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग जमवून 'असेंबल्ड' मशीन बांधून देणारी पोरं तो आकडा अशा काही ठसक्यात उच्चारायची की गिऱ्हाईक मुकाट्याने खिशात हात घालायचं. मग वर्षभरात शेजारच्या घरी दीडपट आकडा येऊन बसायचा आणि आपल्या खोक्याकडे बघवायचं नाही.

पुढे हा प्रश्न विचारणंच बंद झालं. कधी बंद झालं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, पण चिपच्या इतिहासात त्याचं साल जवळजवळ नेमकं सापडतं. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर १९७१ साली आला तेव्हा त्याचं घड्याळ सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोके टाकत होतं. २००४ पर्यंत पेंटियम ४ चं घड्याळ ३८० कोटी ठोक्यांवर गेलं. तेहतीस वर्षांत पाच हजार पट! त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम काढायचा बेत इंटेलने गुंडाळला, आणि नंतरच्या वीस वर्षांत हा आकडा धापा टाकत कसाबसा सहाच्या पुढे सरकला. पाच हजार पट सोडा, दुप्पटसुद्धा नाही.

त्याचं पुस्तकी कारण उष्णता. ट्रान्झिस्टर लहान करत नेला की त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, म्हणून चिप जास्त तापत नाही, असा हिशेब आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडला होता आणि तो तीस वर्षं बिनतक्रार चालला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली, व्होल्टेज आणखी उतरेना, आणि ठोके वाढवले की चिप भाजायला लागली. त्यावर एका कोअरऐवजी चार, आठ, सोळा कोअर बसवायची तोड निघाली. ती आता ज्याच्या-त्याच्या खिशात आहे, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

मला जास्त मोह आहे तो दुसऱ्या अडचणीचा. ती अंतराची आहे. अमेरिकी नौदलात रिअर अॅडमिरल पदापर्यंत पोचलेल्या ग्रेस हॉपर नावाच्या गणिती बाई व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे बरोबर न्यायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या. तुकडा जेमतेम ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जातो. मोठमोठे लष्करी अधिकारी त्यांना विचारायचे की उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो? बाई तार दाखवायच्या आणि इथपासून उपग्रहापर्यंत असले तुकडे फार आहेत हो, अशा अर्थाचं काहीतरी सांगायच्या. त्यांच्याकडे मायक्रोसेकंदही होता, तीनशेएक मीटर तारेचं भेंडोळं. पुढे पिकोसेकंद दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिरपुडीच्या पुड्या वाटल्या. नॅनोसेकंद एकदा हातात धरून बघितला की मेगाहर्ट्झचा रुबाब उतरतो.

आता हा ३० सेंटिमीटरचा हिशेब मोकळ्या अवकाशातला. संगणकातल्या हिरव्या बोर्डावर तांब्याच्या ज्या बारीक रेघा असतात, त्यांना त्या धंद्यातली माणसं ट्रेस म्हणतात, त्यांच्यातून लहर साधारण निम्म्या वेगाने जाते. म्हणजे नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर. घड्याळ ५ गिगाहर्ट्झचं असेल तर दोन ठोक्यांमध्ये लहर जेमतेम ३ सेंटिमीटर सरकते. (लहर म्हणतोय, इलेक्ट्रॉन नव्हे. तारेतून इलेक्ट्रॉन सुसाट धावतात असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय, पण ते बिचारे सेकंदाला मिलिमीटरभर सरकले तरी पुष्कळ. धाव सगळी लहरीची.)

यातून एक अजब गोष्ट होते. बिटला लांबी येते. शून्य किंवा एक ही तशी अमूर्त गोष्ट, तिला सेंटिमीटर कुठले? पण आजच्या डीडीआर-५ मेमरीत सेकंदाला ६४० कोटी बिट एकेका तारेवरून जातात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला १५६ पिकोसेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात लहर जाते सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. म्हणजे बोर्डावरच्या १० सेंटिमीटर तारेवर एका वेळी चार बिट एकामागोमाग एक वाटचाल करत असतात. पहिला पोचायच्या आत चौथा निघालेला. मला हे कळलं तेव्हा संगणकाकडे बघायची माझी नजरच बदलली. आत विचार वगैरे काही चालत नाही, आत वाहतूक चालते.

माझी एक भाची याच वाहतुकीच्या धंद्यात आहे. ती बोर्ड डिझाइन करते, 'हाय-स्पीड'. घरच्या कार्यात मावश्या-आत्या तिला विचारतात, "तू नेमकं काय करतेस गं?" सुरुवातीला ती सिग्नल इंटेग्रिटी वगैरे सांगून बघायची. हल्ली ती थेट सांगते, "तारा वाकड्या करते." मावश्यांना वाटतं मुलगी थट्टा करतेय. मी मात्र तिला ते करताना शेजारी बसून पाहिलंय. पडद्यावर प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत एक छान सरळ रेघ जात होती. तिने त्या रेघेला मध्येच धरलं आणि नागमोडी वळसे घालत नेलं.

"अगं, ती सरळ जात होती की!"

"हो ना मामा. म्हणूनच लवकर पोचत होती."

प्रोसेसरच्या पोटाला शेकडो टाचण्या असतात. त्यातल्या काही मेमरीच्या बाजूला, काही पार उलट्या अंगाला. आठ बिटांचा एक गट आणि त्यांच्यासोबत 'आता वाचा' असा इशारा देणारी आणखी एक जोडी, असे गट मेमरीकडे निघतात. आठही बिट इशाऱ्याच्या वेळी दारात हजर पाहिजेत. ज्या तारेची टाचणी लांब, तिला जवळ आणता येत नाही. मग उरतो एकच मार्ग, बाकी सातजणींनी रस्ता लांबवायचा. जी सगळ्यात मागे, तिला कुणी काही बोलत नाही. ज्या सरळमार्गी आणि वेळेआधी पोचणाऱ्या, त्यांना पकडून वळसे घालायला लावतात. या कामाचं नाव लेंथ मॅचिंग, आणि ते मिलिमीटरच्या अंशापर्यंत चालतं. त्यातही गोम आहे. वळसे जागा वाचवायला फार चिकटून काढले, तर लहर वळणावळणाने जायचा कंटाळा करते आणि शेजारच्या वळशात परस्पर उडी मारते. कागदावर लांबी बरोबर भरते, पण ती पोचलेली असते आधीच. वेळ वाचवायची ही खोड तांब्यातही असावी याचं मला बरं वाटलं.

चिपच्या आत शिरलं तर हाच प्रकार आणखी कडक शिस्तीत चालतो. घड्याळाचा प्रत्येक ठोका म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. फोटोग्राफर खटका दाबतो त्याच्या थोडं आधी सगळ्यांनी जागेवर येऊन चेहरा नीट केलेला हवा, आणि खटका दाबल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायला हवं. आधीच्या थांबण्याला इंजिनिअर सेटअप म्हणतात, नंतरच्या थांबण्याला होल्ड. एखादा काका जेवणाच्या मांडवातून धावत येतो आणि फोटोत हललेला दिसतो, हा सेटअपचा घोटाळा. एखादी पोर खटका दाबताक्षणीच उडी मारून पळते आणि तिच्या जागी पुढच्या फोटोतला व्याही दात काढत उभा सापडतो, हा होल्डचा.

या दोन घोटाळ्यांतला फरक मला फार विलक्षण वाटतो. उशिरा येणाऱ्या काकांवर उपाय आहे. फोटोग्राफरने जरा सावकाश खटका दाबायचा. घड्याळ हळू केलं की चिप चालते, फक्त कमी आकड्याच्या लेबलाखाली, थोड्या स्वस्तात विकावी लागते. पण घाईने पुढे घुसलेल्या व्याह्यावर उपाय नाही. घड्याळ कितीही हळू करा, तो त्याच ठोक्याला घुसणार. तयार होऊन आलेल्या चिपमध्ये होल्डची चूक निघाली तर ती चिप साधारणपणे टाकूनच द्यावी लागते. म्हणजे उशीर परवडतो, घाई परवडत नाही. मग चिप बनवायला पाठवण्याआधी, त्याला टेप-आउट म्हणतात, माणसं रात्ररात्र जागून टाइमिंग जुळवत असतात. कुठे कुणी फार लवकर पोचतंय असं दिसलं की त्याच्या वाटेत छोटी छोटी मंडलं घालतात. या मंडलांना स्वतःचं काहीही काम नसतं. आलेला शून्य शून्यच पुढे द्यायचा, एक एकच द्यायचा, फक्त जरा थांबून. जगातल्या अत्यंत वेगवान चिपमध्ये केवळ उशीर करण्यासाठी नेमलेली अशी हजारो मंडलं असतात, आणि ती काढली तर चिप बंद पडते.

खुद्द घड्याळाचा ठोकाही सगळीकडे एकदम पोचावा लागतो. त्यासाठी ठोका मध्यभागी सोडतात आणि इंग्रजी एच अक्षराच्या आकारात त्याला फाटे फोडत नेतात. एचच्या चार टोकांना चार छोटे एच, त्यांच्या टोकांना आणखी छोटे. मधून कुठल्याही टोकापर्यंतचं अंतर सारखंच भरतं. कुणी म्हणेल की कोपऱ्यातल्या सर्किटला जवळचा रस्ता होता की. होता. पण दिला नाही.

मध्यंतरी लोक या सगळ्याला इतके वैतागले की त्यांनी निराळाच मार्ग काढला. जुन्या छपाईयंत्राची ती जाडजूड केबल आठवते का, पंचवीस टाचण्यांची, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळून बसवायची? किंवा खोक्यातली ती चपटी राखाडी पट्टी, चाळीस तारांची, पुढे ऐंशी तारांची? आठ-सोळा बिट एकदम शेजारी-शेजारी न्यायचे, म्हणजे वेग आला, असा तेव्हाचा समज होता. वेग वाढवत नेला तसं लक्षात आलं की बरोबर निघालेले बिट बरोबर पोचत नाहीत, आणि सगळा वेळ मागच्यासाठी थांबण्यात जातो. तेव्हा गर्दीच कमी केली. एक जोडी तार घ्यायची, तिच्यावरून एकामागोमाग एक बिट सोडायचे, पण सोडायचे मात्र बेफाम. यूएसबी, साटा, पीसीआय एक्सप्रेस ही सगळी त्याच बैठकीतली. जोडीतल्या दोन्ही तारांवर एकच निरोप उलटसुलट जातो, एकीवर चढ तेव्हा दुसरीवर उतार. बाहेरून काही खरखर आली तर ती दोघींवर सारखीच बसते, आणि पलीकडचा फक्त दोघींतला फरक मोजत असल्याने खरखर आपोआप वजा होते.

आपल्याकडे हा विचार बराच आधी येऊन गेला होता. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली परम ८००० करून दाखवला, ही गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. तिच्यातला मला आवडणारा तपशील मात्र कुणी सांगत नाही. परममध्ये ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि त्यांची खासियत अशी की प्रत्येकाला चारच धागे, चारही सिरियल, सेकंदाला दोन कोटी बिट नेणारे. जग रुंद केबलींच्या मागे लागलेलं असताना हे प्रोसेसर एकमेकांशी एकेक बिट करत बोलत होते.

आजच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये अशा सोळा जोड्या असल्या तरी त्यांना एकदम पोचायची सक्ती नाही. ज्याने-त्याने आपल्या सवडीने यावं, आत आल्यावर छोट्या मेमरीत बसावं, सगळे जमले की पुढे जाऊ. थांबणं काही चुकलं नाही, फक्त ते रस्त्यावरून दिवाणखान्यात आलं. रस्त्यावरचा वेग मात्र भीतीदायक झाला. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत एकेका जोडीवरून सेकंदाला ६४०० कोटी बिट जातात. त्यासाठी शून्य आणि एक या दोन पातळ्यांऐवजी व्होल्टेजच्या चार पातळ्या केल्या, एका खेपेला दोन बिट. एकेक खेप ३१ पिकोसेकंदांची, तारेवर अर्ध्या सेंटिमीटरहूनही आखूड. ही आवृत्ती बाजारात रुळते-न रुळते तोच २०२५ मध्ये दुप्पट वेगाची सातवी जाहीर झाली.

त्या धंद्यात ऑसिलोस्कोपवर हजारो बिट एकावर एक रेखाटून बघतात. सगळं ठीक असेल तर मधोमध डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा दिसते. डोळा उघडा म्हणजे बिट वाचता येतो, मिटत आला म्हणजे तार फार लांब, फार खडबडीत किंवा फार घाईत. भाची कधीकधी फोनवर सहकाऱ्याला गंभीरपणे विचारते, "डोळा उघडला का?" पलीकडून नकार आला की घरातले आवाज आपोआप हळू होतात. चार पातळ्या आल्यापासून एका डोळ्याऐवजी एकावर एक तीन डोळे दिसतात, प्रत्येक आधीच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. इतक्या बारीक डोळ्यांनी चुका होणारच. पूर्वीचा दंडक एक लाख कोटी बिटांत एखादी चूक असा होता. आता दहा लाखांत एक चूक होईल हे आधीच मान्य करून, ती जागच्या जागी दुरुस्त करायची तजवीज सोबत दिलेली असते. हा मला मोठ्या मनाचा निर्णय वाटतो.

मेमरीचं प्रकरण आणखी मजेचं आहे. डीडीआर-५ इतक्या वेगाला गेली की नुसत्या वळशांनी भागेना. बोर्ड तयार करताना जी उरलीसुरली मागेपुढे होते ती आता चालू करताना मोजतात. संगणक सुरू झाला की प्रोसेसर मेमरीशी आधी ओळखीचे आकडे बोलून बघतो. प्रत्येक तार किती उशीर करते, कुणाला किती थांबवावं, हे शोधून त्याप्रमाणे आतल्या आत विलंब लावून घेतो. याला ट्रेनिंग म्हणतात. नवं मशीन पहिल्यांदा लावलं की काही वेळा ही तालीम मिनिटंच्या मिनिटं चालते आणि तोवर पडदा काळाच. सेकंदाला ६४० कोटी बिटांची मेमरी घेऊन घरी आलेला माणूस अंधाऱ्या पडद्यासमोर बसून आपले पैसे बुडाले का याचा विचार करत असतो, आणि आत त्या वेळी वेगासाठी अत्यंत सावकाश तयारी चाललेली असते.

आणि एवढं करूनही प्रोसेसर बहुतेक वेळ वाट बघण्यातच घालवतो. मेमरीतून एखादा आकडा मागवला की तो यायला ऐंशी-शंभर नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात घड्याळाचे काहीशे ठोके होऊन जातात. स्टॅनफर्डच्या मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली विजेचा हिशेब मांडला, तो तर डोळे उघडणारा आहे. दोन आकड्यांची बेरीज करायला जी ऊर्जा लागते, त्याच्या हजारो पट ऊर्जा ते आकडे बाहेरच्या मेमरीतून आणायला लागते. बेरीज जवळजवळ फुकट, गाडीभाडंच फार.

मग हल्लीचे चिपवाले काय करतात? जवळ राहायला जातात. मेमरीच्या चिपा एकावर एक रचून, त्यांना आरपार भोकं पाडून, ती चळत प्रोसेसरच्या अगदी शेजारी एकाच सिलिकॉनच्या पाटावर बसवतात. एआयच्या चिपांसोबत जिचं नाव सारखं येतं ती एचबीएम मेमरी हीच. आणि ती बोलते कशी? तर १०२४ तारांवरून एकदम! २०२५ च्या चौथ्या पिढीत २०४८. ज्या रुंद केबलीला आपण छपाईयंत्रासकट भंगारात घातलं, तीच विचारसरणी मिलिमीटरच्या जगात पुन्हा गादीवर बसली आहे. अंतर एवढं थोडं की सगळ्यांना एकदम पोचणं फारसं अवघड जात नाही. मोठ्या चिपा एका तुकड्यात करण्याऐवजी लहान तुकडे जोडून करण्याची चालही याच काळातली. एनव्हिडियाच्या ब्लॅकवेलमध्ये २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत ते दोन तुकड्यांत, आणि मधल्या सांध्यातून सेकंदाला दहा टेराबाइट ये-जा होते. कागदावर ती एकच चिप, दोन तुकडे आहेत याचा बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

तारांना जागा मिळावी म्हणून तर आता चिप उलटी करायला लागलेत. आजवर ट्रान्झिस्टर तळाला आणि त्यांच्यावर तारांचे दहा-पंधरा थर, अशी रचना होती. निरोपही त्याच थरांतून आणि वीजही त्याच थरांतून खाली यायची. इंटेलने आपल्या १८ए प्रक्रियेत विजेच्या तारा वेगळ्या काढून चिपच्या पाठीला नेल्या. त्यासाठी सिलिकॉनची चकती पालथी घालून पाठ घासून घासून पातळ करतात. चाळीस-पन्नास वर्षं सगळ्यांचं लक्ष ट्रान्झिस्टरवर होतं, वृत्तपत्रांत नॅनोमीटर त्याचेच छापून यायचे. आता चिपवाल्यांशी बोलायला बसावं तर अर्धा वेळ ते तारांबद्दलच कुरकुरत असतात.

थांबण्याचा हा खटाटोप उघड्या आकाशाखाली बघायचा असेल तर नारायणगावला उतरावं. नारायणगाव म्हटलं की जुन्यांना तमाशाच्या राहुट्या आठवतात, नव्यांना टोमॅटोचा बाजार. तिथून थोडं आत खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर दूरदूर, आणि टोकाच्या तबकड्यांमध्ये २५ किलोमीटरचं अंतर. एकाच ताऱ्याकडून किंवा आकाशगंगेकडून आलेली रेडिओलहर प्रत्येक तबकडीवर किंचित मागेपुढे आदळते. मग ती काचतंतूतून मुख्य इमारतीकडे निघते, आणि काचेत किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे टोकाच्या तबकडीचा निरोप हमखास मागाहून येतो. पण चित्र काढायचं तर तीसही निरोप त्याच एका लहरीचे, त्याच क्षणाचे हवेत.

इथे तारांना वळसे घालायला जागा नाही, कारण मायक्रोसेकंदाचा वळसा म्हणजे हॉपरबाईंचं आख्खं भेंडोळं. म्हणून निरोपाचे आकडे करतात आणि जवळच्या तबकड्यांचे आकडे मेमरीत बसवून ठेवतात. दूरच्यांचे आले की मगच गुणाकाराला सुरुवात. त्यात पृथ्वी फिरते आहे, म्हणून कुणाला किती थांबवायचं हा हिशेबही क्षणाक्षणाला बदलतो. अलीकडे या दुर्बिणीचा कायापालट झाला. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू यायचा, आता ४०० पर्यंतचा येतो, आणि ते काम एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी नंतरही बदलता येते अशा चिपा, आणि व्हिडिओ गेमसाठी जन्माला आलेले जीपीयू मिळून करतात. नमुने सेकंदाला ८० कोटी, म्हणजे दोन नमुन्यांत बाईंचा सव्वा तुकडा. कोट्यवधी वर्षं वाटेत कुठेही न टेकता आलेल्या लहरीला शेवटी खोडदला येऊन थांबावं लागतं, का, तर मागची मंडळी अजून यायची आहेत.

भाचीची भांडणं हल्ली तारांशी कमी आणि कापडाशी जास्त असतात. तो हिरवा बोर्ड म्हणजे मुळात काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, राळेत भिजवून घट्ट केलेलं. त्याला ताणा आहे, बाणा आहे, धाग्यांमध्ये फटी आहेत. काचेवरून लहर जरा सावकाश जाते, राळेवरून जरा जलद. जोडीतली एक तार नेमकी धाग्यावरून गेली आणि दुसरी फटीवरून, तर लांबी तंतोतंत सारखी असूनही दोघी मागेपुढे पोचतात. जुन्या वेगांना हे जाणवतही नव्हतं. ३१ पिकोसेकंदांच्या हिशेबात मात्र चार-पाच पिकोसेकंदांनीही डोळा मिटायला लागतो. यावर धागे चपटे करून फटी बुजवलेलं महागडं कापड मिळतं. नाहीतर दुसरा उपाय असा की बोर्डाची सगळी नक्षी कापडावर दहाएक अंश तिरकी बसवायची, म्हणजे प्रत्येक तार कधी धाग्यावरून, कधी फटीवरून जाते आणि सरासरीने सगळ्या सारख्या पडतात.

तिने असा तिरका बोर्ड बनवायला पाठवला. सूचना ठळक अक्षरांत लिहिली होती. संध्याकाळी कारखान्यातून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं ड्रॉइंग जरा वाकडं आलं होतं. काळजी करू नका, आम्ही सरळ करून घेतलंय."

तिने त्यांना धागे, फटी, लहर, पिकोसेकंद असं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज येत होता.

"कळलं," ते म्हणाले. "वाकडं पाहिजे तर वाकडं देतो. पण सरळ ठेवले तर एका पॅनेलवर सहा बसतात, वाकडे चारच बसतील. रेट वेगळा लागेल."